कुकर, दूध, सासूबाई

आमच्या बिल्डिंगीत तळमजल्यावर एक काका राहायचे. ते रेघेवर पाय देत नसत. दारातली रांगोळी कोणीच तुडवत नाही, त्यात विशेष काही नाही. पण मुलींनी ठिकरी खेळायला खडूने आखलेले चौकोनसुद्धा हे गृहस्थ विजार सावरत, लांब ढांगा टाकत ओलांडायचे. नवीन पनवेलच्या मोठ्या रस्त्यावर तेव्हा नुकतेच पांढरे पट्टे मारले होते. तिथून काका चालले की रिक्षावाले वेग कमी करून बघत राहायचे. बिल्डिंगीतल्या पोरांना तर हा खेळच झाला होता. जिन्यासमोर खडूने आडवी रेघ मारायची आणि दाराआड लपायचं. काका यायचे, थांबायचे, चष्मा कपाळावर चढवून रेघेकडे बघायचे. "कोणाची आहे ही? मध्येच दम सोडलाय," म्हणायचे आणि ओलांडून घरात जायचे. चिडायचे मात्र नाहीत, त्यामुळे पोरांचा हिरमोड व्हायचा.

याला कारण होतं. काकांनी मुंबईच्या एका गोदीत तीस वर्षं काढली होती. तिथे एक भलामोठा माळा होता, क्रिकेटचं मैदान मावेल एवढा, असं ते सांगायचे. आम्ही त्यातलं निम्मं धरायचो. त्या माळ्याची लाकडी जमीन काळी रंगवलेली असे आणि तिच्यावर जहाजाचे आकार खऱ्या मापात, म्हणजे जहाज जेवढं असेल तेवढेच, खडूने आखायचे. गुडघ्यांवर बसून. पायांत लोकरीचे मोजे घालून, कारण चपलेने रेघ पुसली जाते. मग त्या रेघांवरून लोखंडी पत्रे कापायचे. रेघ चुकली की पत्रा चुकला, पत्रा चुकला की पाणी आत, असा साधा हिशोब. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी काका घरात लोकरीचे मोजे घालूनच वावरायचे, अगदी मे महिन्यातही. पनवेलचा उन्हाळा ज्यांनी सोसलाय त्यांना हे किती अवघड आहे ते वेगळं सांगायला नको. बायको वारलेली, मुलगा आखातात. गुडघ्यांना मोठाले घट्टे. माणूस बारीक, काटक आणि बोलण्यात फटकळ.

माझी त्यांची ओळख एका उडालेल्या कागदामुळे झाली.

मी मूळची पेणची, बारावी झालेली. लग्न होऊन इथे आले. नवरा न्हावा शेवाच्या बंदरात, बोटीवरून आलेला माल सोडवून देणाऱ्या एका कंपनीत कारकून. मुलगी तीन वर्षांची. सासूबाई सुकापूरच्या पलीकडच्या गावातल्या. माझ्या बाळंतपणाला मदतीला म्हणून आल्या त्या राहिल्याच. एक दिवस पेपरात जाहिरात वाचली, की बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत ट्रेसरच्या दोन जागा भरायच्या आहेत. ट्रेसर म्हणजे मूळ नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तो शाईने जसाच्या तसा उतरवणारा. बारावी पास चालणार होतं, पण मे महिन्यात हाताची परीक्षा होती. वयाची अट होती आणि जूनमध्ये मी त्या अटीच्या पलीकडे जाणार होते. म्हणजे संधी काय ती एकदाच.

मला ती नोकरी हवी होती. का हवी होती ते तेव्हा कोणी विचारलं असतं तर धड सांगता आलं नसतं. आता सांगते. सकाळी उठल्यापासून मी हातात घेतलेली एकही गोष्ट सलग पुरी होत नव्हती. भाजी चिरायला घेतली की दूधवाला, दूध घेतलं की मुलगी, मुलीला घेतलं की सासूबाई. कुठेतरी खुर्चीवर बसावं, एक काम सुरू करावं आणि ते संपवूनच उठावं, एवढीच माझी हौस होती. लोकांना लंडन-अमेरिकेची हौस असते, मला ही होती.

तर दिवाळीनंतर मी पनवेलच्या बाजारातून चित्रकलेचे मोठे कागद आणले आणि सराव सुरू केला. चित्रकलेची मला ओ की ठो माहिती नव्हती. कागदाच्या दोन कडांना दोन ठिपके द्यायचे आणि पट्टी न लावता जोडायचे, एवढंच एका मैत्रिणीने सांगितलं होतं. एक कागद गॅलरीतून उडाला. संध्याकाळी काका तो घेऊन आमच्या दारात उभे.

"हे तुमचं का?"

मी हो म्हटलं.

"सातव्या रेघेला कुकरची शिट्टी झाली. अकरावीला कोणीतरी हाक मारली, उजवीकडून. पंधरावीला तुम्ही रागात होता. कोणावर ते तुमचं तुम्हाला माहीत."

मी कागद हातात घेऊन बघतच राहिले. आमचं स्वयंपाकघर उजवीकडे होतं आणि सासूबाई तिथेच होत्या. पंधराव्या रेघेचं काही मी आजही सांगणार नाही. आतून सासूबाईंनी विचारलं, "कोन आयलाय?" काका म्हणाले, "हाच आवाज." आणि खाली निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मीच चार कागद घेऊन त्यांच्याकडे गेले. गेले ती सात महिने जात राहिले.

कागद तपासायची त्यांची तऱ्हा अशी, की आधी तो उलटा करायचा. रेघा बघायच्याच नाहीत. डोळे मिटून कागदाच्या पाठीवरून बोटं फिरवायची. पेन्सिल जिथे दाबली असेल तिथे मागे उंचवटा येतो. "इथे भ्यायलात," म्हणायचे. "इथेही भ्यायलात. पेन्सिल काय पळून चाललीय का?" मग कागद सुलटा करायचे. पहिल्या आठवड्यात तर त्यांनी माझे कागद सुलटे केलेच नाहीत. मला वाटलं, हा माणूस आपली फिरकी घेतोय. पण आठव्या दिवशी कागदाची पाठ हाताला गुळगुळीत लागली आणि सुलट बाजूच्या रेघा माझ्याच मला ओळखू येईनात.

शिकवणं म्हणावं असं ते फार शिकवत नसत. मनगट हलवायचं नाही, हात खांद्यातून आणायचा. डोळे पेन्सिलीच्या टोकावर ठेवायचे नाहीत, जिथे पोचायचंय त्या ठिपक्यावर ठेवायचे. एवढ्या दोन गोष्टी त्यांनी दोन दिवसांत सांगितल्या आणि पुढचे सात महिने मी त्या पाळत नाही म्हणून कुरकुर केली. पेन्सिलींबद्दल बोलायला लागले की मात्र रंगात यायचे. कडक शिशाची पेन्सिल म्हणजे सासरा, बोलणार कमी पण ओरखडा कायमचा. मऊ शिशाची म्हणजे लग्नघरातली मावशी, जाईल तिथे डाग पाडणार. "आणि मधली?" मी विचारलं. "मधली म्हणजे तुम्ही. सगळ्यांचं ऐकून घेता आणि मग बोथट होता," असं म्हणून त्यांनी माझी पेन्सिल ब्लेडने तासून दिली.

छान हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. त्यांच्याकडे दोनच शेरे होते. वाईट रेघेला "पाणी आत येईल" आणि चांगल्या रेघेला "तरंगेल". अख्ख्या कागदावर चाळीस रेघा असल्या तर एखादी तरंगायची. त्या एका रेघेवर बोट टेकवून ते काही क्षण थांबायचे, आणि त्या काही क्षणांसाठी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. बाहेर क्लासला जाणाऱ्या माझ्या ओळखीच्या मुली तेव्हा फुलदाणी आणि केळ्यांचा घड काढत होत्या. मी रेघा, मग तिरक्या रेघा, मग वर्तुळं. नवऱ्याने एकदा विचारलं, "चित्र कधी काढणार?" मी म्हटलं, "काकांना विचारून सांगते." काका म्हणाले, "त्यांना सांगा, आधी पाणी आत यायचं थांबू दे."

खोडरबर त्यांनी पहिल्याच दिवशी काढून घेतला होता. आणि महिनाभराने एक नवीनच नियम काढला. म्हणाले, "तुमच्याकडे काय झालं ते मी रोज कुठवर ओळखत बसू? तुम्हीच लिहा. बिघडलेल्या रेघेशेजारी, बारीक अक्षरात. कशाने बिघडली ते. आणि कागदावर तारीख टाका."

ही त्यांच्या गोदीतली पद्धत होती. तिथला त्यांचा मुकादम चुकलेली रेघ लगेच पुसू देत नसे. आधी शेजारी खडूने कारण लिहायचं, मगच पुसायचं. कारण न लिहिता पुसली तर उद्या दुसरा माणूस त्याच जागी तीच चूक करतो, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे त्या काळ्या जमिनीवर जहाजाच्या आकाराच्या आजूबाजूला "उंदीर", "भोंगा", "तंबाखू" असले शब्द लिहिलेले असायचे. एकदा एका कामगाराने "सासुरवाडी" असं लिहिलं होतं आणि मुकादमाने त्याला दोन दिवसांची रजा दिली होती, असं काका सांगायचे.

मी लिहायला लागले. कुकर. दूध. सासूबाई. बेल. सासूबाई. मुलगी पडली. सासूबाई. पहिल्यांदा हसू यायचं. मग यायचं बंद झालं. एखाद्या कागदावर नऊ वेळा सासूबाई. त्यांचं तरी काय चुकत होतं? त्यांच्या गावात घरातली बाई हाकेच्या अंतरावर असते आणि तिला हाक मारायची असते. हात रिकामा असो वा नसो, आपण ओ द्यायची. मीही देत होते. पेन्सिल उचलून द्यायची तर रेघ तुटायची, न उचलता द्यायची तर वाकडी व्हायची.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी मी नेहमीप्रमाणे कागद घेऊन गेले. काकांनी पाठ चाचपली, कागद सुलटा केला, वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाले, "हे दोष तुमचे नाहीत. ते तुम्हाला सांगून काय उपयोग?"

महिन्याभराचे कागद काखेत मारून ते आमच्याकडे वर आले, मोजे घातलेलेच. सासूबाई फरशीवर बसून सुपात सुकट निवडत होत्या. काका त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसले आणि एकेक कागद जमिनीवर मांडायला लागले. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं.

"वहिनी, ही मंगळवारची. ही रेघ इथपर्यंत सरळ आली. इथे बघा काय झालं."

सासूबाईंनी वाकून बघितलं. "वाकरी झाली."

"इथे तुम्ही हाक मारलीत."

"मी? काय म्हनला मी?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी हळूच सांगितलं, "झबलं कुठे आहे, असं विचारलं होतंत."

"मंग इचारायचा नाय काय?"

"विचारा की," काका म्हणाले. "मी नुसतं दाखवतोय."

सासूबाईंनी रेघेशेजारच्या अक्षरांवर बोट ठेवलं. "ह्या काय लिवलाय?"

"सासूबाई."

"आन ह्या?"

"तेही सासूबाई."

त्यांचं बोट खाली खाली सरकत गेलं. अक्षर वाचता येत नसलं तरी तोच तोच आकार त्यांना ओळखू यायला लागला होता. त्या एका कागदावरून दुसऱ्यावर गेल्या. "सगल्यान मीच हाय?"

"नाही, हा कुकर आहे," काका म्हणाले.

सासूबाई उठल्या. सुकटीचं सूप घेऊन आत गेल्या. काकांनी कागद गोळा करून परत खाली नेले. दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरतंसुद्धा बोलल्या नाहीत. संक्रांतीचा तिळगूळ मुलीच्या हातून माझ्याकडे पाठवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांचा संताप आला. सरावाचे कोरे कागद मी माळ्यावर टाकून दिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर सासूबाईंनी चटई उचलली, मुलीला कडेवर घेतलं आणि जाऊन जिन्यात, दाराबाहेर बसल्या. दार बाहेरून ओढून घेतलं. मला कळेना काय चाललंय. थोड्या वेळाने कोणीतरी वर आल्याची चाहूल लागली आणि सासूबाईंचा दबका आवाज आला, "आता नको. आमची सून कागदावं बसलीय. मंगशी ये." मी माळ्यावरचे कागद काढले. पहिल्या चार रेघा वाया गेल्या. शेजारी काय लिहावं ते सुचेना, तशाच सोडल्या.

त्या दिवसापासून मे महिन्यापर्यंत रोज दुपारी दोन तास सासूबाई जिन्यात बसल्या. दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला, वरच्या मजल्यावरच्या बायकांना सगळ्यांना त्यांची जरब बसली. मुलगी त्यांच्या मांडीवर झोपायची. माझ्या रेघा एकेक करत तरंगायला लागल्या. पेन्सिल सुटून शाईचं पेन हातात आलं. काका मात्र खूश दिसत नव्हते. "तुम्हाला आता शांततेची सवय लागली," असं ते एकदा म्हणाले. "कचेरीत दाराशी वहिनी नसतील." मी ते हसण्यावारी नेलं.

परीक्षेला साठ-सत्तर जण होते. प्रत्येकाला एक जुना नकाशा आणि एक पारदर्शक कागद दिला. सूचनांच्या कागदावर वरतीच ठळक छापलेलं होतं, की नकाशावर नसलेलं काहीही लिहू नये, कोणतीही खूण करू नये, तसं आढळल्यास कागद बाद होईल. मी ते दोनदा वाचलं. हात छान चालत होता. प्लॉटांच्या हद्दी, रस्ता, गटार, झाडं, सगळं एकापाठोपाठ उतरत होतं. इतकं शांत होतं की मी कुठे बसलेय ते विसरले. तेवढ्यात माझ्या अगदी मानेमागून आवाज आला, "नंबर बावन्न." हजेरीची सही घेणारे साहेब होते. मी दचकले. हद्दीची रेघ ताजी मासळी उसळावी तशी उसळली.

आणि मग जे झालं ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. मी सही केली, साहेब पुढे गेले, मी पेन पुन्हा हातात घेतलं आणि त्या वाकड्या रेघेशेजारी बारीक अक्षरात लिहिलं, "हाक, मागून." लिहून झाल्यावर मला दिसलं की मी लिहिलंय. पक्की काळी शाई. शेजारचे एक गृहस्थ अशीच काहीतरी चूक ब्लेडने खरवडत होते आणि त्यांच्या कागदाला भोक पडलेलं मी बघितलं होतं. मी काही खरवडलं नाही. उरलेला नकाशा पुरा केला आणि कागद देऊन बाहेर आले.

घरी पोचले तेव्हा काका जिन्याच्या तोंडाशी उभे होते. मी तिथेच त्यांना सगळं ऐकवलं. म्हटलं, "तुमच्या सवयीने माझा घात केला. गोदीतलं गोदीत ठेवायचं होतं. तिथे एकही जहाज बुडालं नाही म्हणता, मला मात्र बुडवलंत." वरून सासूबाई आल्या. त्यांना अर्धवट कळलं तेवढं पुरे झालं. "भाऊ, माज्या सुनेचा वाटोला केलास," त्या म्हणाल्या. काकांनी एवढंच विचारलं, "बाकीच्या रेघा?" मी उत्तर न देता वर गेले आणि दार लावून घेतलं.

पुढे तीन आठवडे मी त्यांच्याशी बोलले नाही. जिन्यात समोरून आले तर मान फिरवायचे. मध्ये दोन दिवस त्यांच्या दाराला सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुलूप दिसलं. कुठे जातात, याची मी चौकशी केली नाही. जूनमध्ये वाढदिवस आला आणि गेला. नवऱ्याने श्रीखंड आणलं. मी ते खाल्लं आणि आत जाऊन रडले.

आणि मग कचेरीचं पत्र आलं. अमुक दिवशी समक्ष येऊन भेटावे. बाद झालेल्यांना कोणी समक्ष बोलवत नाही, असं नवरा म्हणाला. मला वाटलं, समज द्यायला बोलावलं असेल. सासूबाई म्हणाल्या, "येकली नको जाव, मी येते." मुलीला घेऊन त्या माझ्याबरोबर आल्या आणि बाहेरच्या बाकावर बसल्या.

आत दोन साहेब होते. त्यातले वयस्कर साहेब तेच, मागून हाक मारणारे. टेबलावर माझा परीक्षेचा कागद होता, आणि त्याच्या शेजारी सुती दोरीने बांधलेलं हे एवढं बंडल. ते मी लांबूनच ओळखलं. माझे सात महिन्यांचे कागद. मला वाटत होतं, काकांनी ते केव्हाच रद्दीत घातले असतील.

"एक म्हातारे गृहस्थ दोन दिवस बाहेरच्या बाकावर बसले होते," साहेब म्हणाले. "मी भेटणार नाही म्हणून दोनदा निरोप दिला, तरी हलेनात. पायांत मोजे आणि चपला हातात. म्हणाले, तिने लिहिलंय ती खूण नव्हे, सवय आहे, आणि सवयीचा पुरावा मी आणलाय. कोण तुमचे?"

"शेजारी आहेत."

"मला वाटलं, शिफारस करायला आलेत. तर म्हणाले, हिची वर्तुळं अजून कच्ची आहेत."

दुसरे साहेब हसले. वयस्कर साहेबांनी बंडल सोडलं आणि वरचे कागद माझ्यासमोर सरकवले. "मी नुसतं चाळायला म्हणून घेतलं होतं," ते म्हणाले. मग चष्मा लावून वाचायला लागले. "कुकर. दूध. सासूबाई. सासूबाई. मुलगी पडली. सासूबाई. गॅस संपला. सासूबाई." मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. एका सरकारी टेबलावर माझ्या घरातला दिवसन् दिवस उघडा पडला होता.

त्यांनी मधले काही कागद उलटले आणि थांबले. चष्मा काढला. आवाज एकदम खाली आला.

"संक्रांतीपर्यंत रोज हा शब्द आहे. त्यानंतर एकदाही नाही. मी शेवटपर्यंत बघितलं." ते जरा अडखळले. "त्यांना काही झालं का?"

मला आधी कळेचना ते काय विचारतायत. मग कळलं.

"नाही, साहेब. त्या बाहेर बसल्यात. मुलीला घेऊन."

"मग?"

"त्यांनी हाक मारायची थांबवली. मी रेघा काढत असले की त्या दाराबाहेर बसायच्या. दुसऱ्या कोणालाही हाक मारू द्यायच्या नाहीत."

साहेब उठले, दारापर्यंत गेले, दार जरासं उघडून बाहेर बघितलं आणि परत येऊन बसले. मग त्यांनी माझा परीक्षेचा कागद ओढून घेतला.

"काम स्वच्छ आहे. तुम्ही दुसऱ्या नंबरावर आहात. हे दोन शब्द खूण धरायची की नाही, एवढाच प्रश्न होता. वयाचं जाहिरातीच्या तारखेवरून धरतो, त्याची काळजी नको. एक तारखेला हजर व्हा." कागदावर सही करताना ते पुढे म्हणाले, "मी मागून हाक मारली होती, हे मात्र खरं आहे."

बाहेर आल्यावर सासूबाईंनी पहिलं हेच विचारलं, की तो साहेब दार उघडून आपल्याकडे असा का बघत होता. मी बसमध्ये त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि पनवेल येईपर्यंत काढला नाही. रडत होत्या की हसत होत्या, मला कळलं नाही.

काका गच्चीवर होते. दुपारचं ऊन, खाली तापलेली गच्ची, आणि हे मोजे घालून, गुडघे टेकून खडूने या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत एक लांब वळण आखत होते. जिना चढताना मी माफीची वाक्यं मनात जुळवत होते. माझ्यामागून धापा टाकत सासूबाई वर आल्या आणि मला बोलूच दिलं नाही.

"भाऊ, तो सायेब इचारीत होता, मी मेले का जित्ती हाय."

काकांनी वर बघितलं. दोघींच्या तोंडाकडे बघून त्यांना काय ते समजलं असावं. "बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले. "कागदावर तुम्ही संक्रांतीलाच संपलात, वहिनी."

सासूबाई एवढ्या हसल्या की त्यांना टाकीच्या कट्ट्यावर बसावं लागलं. मी काकांच्या पायाला हात लावायला वाकले. ते घाईघाईने म्हणाले, "सांभाळून, रेघ पुसाल." मी रेघेच्या अलीकडेच थांबले आणि म्हटलं, "काका, मी फार वाईट बोलले तुम्हाला." ते म्हणाले, "बोललात. वर्तुळं कच्ची आहेत, ती रविवारी घेऊन या." सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "यक तारखेपासून डबा मी करीन. तू येलेवर जा, घराकडं नको बघू."

एक तारखेला मी कचेरीत गेले. खिडकीजवळचं टेबल आणि एक उंच खुर्ची मिळाली. दिवसभरात मी एकच नकाशा उतरवला, आणि तो पुरा करूनच उठले.